वारीतली समता आणि कायद्यातली समता

आषाढी वारीत कोण कुठल्या जातीचा हे न विचारता माणसं एकमेकांच्या पाया पडतात. तरुण म्हातारीच्या पायांवर डोकं टेकवतो, त्याच क्षणी तीही वाकून त्याला नमस्कार करते, तोंडी 'माउली'. अशी बरोबरी कुठला कायदा शिकवणार? पण ज्या चोखोबांचे अभंग वाटेवर गायले जातात, त्यांची समाधी विठ्ठल मंदिराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. शतकांच्या भक्तीने ते दार उघडलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं.

कायद्याची वाट रुक्ष आणि संथ. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा, तिथल्या पाण्यावरचा दलितांचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल १९३७चा. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. तरी मत सारखं आणि पैसा, प्रतिष्ठा विषम, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच संविधान सभेत मांडली होती.

संपूर्ण समता दोन्हींनी आणलेली नाही. तरीही मी आधी कायदा धरेन. वारीहून परतल्यावर गावच्या पाणवठ्यावर कुणी अडवलं, तर निदान पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते.