जुनी विंचेस्टर १८८५: मूळ रूपात राखायची की नव्याने घडवायची?

अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीच्या १८८५ रायफलीत एका वेळी एकच काडतूस भरायचं. लिव्हर खाली ओढला की ब्रीचब्लॉक, म्हणजे नळी मागून बंद करणारा ठोकळा, सरळ खाली सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. बंदुकांचा संशोधक जॉन ब्राउनिंगचं हे १८७९ चं पेटंट विंचेस्टरने १८८३ मध्ये ८,००० डॉलर्सना घेतलं. १८८५ ते १९२० या काळात अशा सुमारे १,४०,००० रायफली निघाल्या. अमेरिकेत ही रायफल आजही मिळते. पण १९३० नंतर हौशी नेमबाजांनी कितीतरी हाय-वॉल (सांगाड्याच्या उंच बाजूंचा मजबूत प्रकार) नव्या नळ्या घालून बदलून टाकल्या, त्यामुळे कुणी हात न लावलेली मात्र शोधावी लागते.

म्हणून आधी आपल्या हातातली नीट पाहा. स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत का? नळीवरची अक्षरं धारदार आहेत की घासून पुसट झालीत? नंबर पाहून वर्षही काढा, कारण तिथल्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात.

मूळ मुलामा थोडा जरी उरला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्याला हात लावू नका. तांब्याचं भांडं काळवंडलं की आपण चिंच लावून लखलखीत करतो. इथे ती सवय महागात पडते. शंभर वर्षांत लोखंडावर चढलेला तपकिरी रंग संग्राहकाला हवा असतो आणि एकदा पॉलिश केला की तो परत येत नाही. तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने सुटा गंज काढा, दस्त्याच्या अक्रोडी लाकडातला पोचा ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून वाफेने उचला, वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. बस्स. खर्च थोडा, वेळ भरपूर. अडचण काडतुसांची. .४५-७० सहज मिळतं, पण .२५-२० सिंगल शॉट असेल तर काडतुसं स्वतःच बनवण्याची तयारी हवी.

उलट, आधीच कुणी दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली किंवा नळी बदललेली असेल, तर ती मनासारखी घडवायला मला काहीच हरकत वाटत नाही. खर्च मात्र झपाट्याने वाढतो: नळी, दस्ता, निळा मुलामा आणि चांगल्या गनस्मिथची, म्हणजे बंदूक-कारागिराची मजुरी. जास्त दाबाचं काडतूस हवं असेल तर फायरिंग पिनचं (काडतुसावर आदळणाऱ्या सुईचं) जुनं मोठं भोक बुशिंग, म्हणजे छोटी नळकडी घालून लहान करून घ्यावंच लागतं. नाहीतर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टोपी) मागे फुटून गॅस थेट तोंडावर येऊ शकतो. लो-वॉलचा, म्हणजे कमी उंच बाजूंच्या प्रकाराचा सांगाडा नाजूक, तिच्यात मोठी काडतुसं नकोच.

मधला मार्ग मला सर्वात आवडतो. .२२ ची नळी आतून गंजून खड्डे पडले असतील, तर ती आतून मोठी करून पातळ लायनर (आतली नवी नळी) बसवता येतो आणि बाहेरची अक्षरं तशीच राहतात. दस्ता बदलायचा तर नवा करून घ्या आणि जुना गुंडाळून जपा.

फक्त आधुनिक काडतुसं झाडायची असतील, तर जुनीला त्रास कशाला? जपानच्या मिरोकू कंपनीने ब्राउनिंग कंपनीसाठी बनवलेली १८८५ घ्या. कोणतीही जुनी झाडण्याआधी मात्र गनस्मिथकडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि ब्रीचब्लॉक तपासून घ्या.