मिर्झा गालिब : मालिकेविना ऐकलेल्या दोन कॅसेटी

दूरदर्शनवर १९८८ साली आलेली गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ ही मालिका पुन्हा पाहण्याचा योग मला त्यानंतर फारसा आला नाही. तिच्या ध्वनिमुद्रणाच्या दोन कॅसेटी मात्र गेली पस्तीसहून अधिक वर्षे आमच्या घरात सतत वाजत आल्या आहेत. अलीकडेच त्या छत्रपती संभाजीनगरात डिजिटल करून घेतल्या आणि त्या निमित्ताने अथपासून इतिपर्यंत, मधले काहीही न गाळता, तीन वेळा ऐकल्या. हा अभिप्राय त्या ऐकण्यावर आधारलेला आहे. मालिकेचे संगीत पडदा नसतानाही पायांवर उभे राहते का, एवढा एकच निकष मी लावला आहे.

हा निकष लावायचे कारण परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूतल्या विजेत दडलेले आहे. मालिका सुरू असताना वीज जाणे हा तेव्हा अपवाद नव्हता, आणि वीज असली तरी गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की चित्रावर मुंग्या येत. शिवाय मालिकेत गझल क्वचितच पूर्ण ऐकायला मिळे. एखादा शेर झाला की संवाद सुरू, उरलेली गझल पुढच्या प्रसंगाच्या पाठीमागे विरून जाई. टेपरेकॉर्डर चार मोठ्या सेलवर चालत असल्यामुळे अंधारातही गझल शेवटच्या शेरापर्यंत पोहोचायची. त्यामुळे आमच्या घरी मालिका ही जणू कॅसेटची जाहिरात होती आणि खरी वस्तू कॅसेट होती.

पहिली जोडी परभणीच्या एका दुकानातून आणली होती. ती नकली निघाली. वेष्टनावरचा गायकाचा चेहरा निळसर छापला होता आणि दुसऱ्या बाजूला गझल मध्येच तुटून भलतीच कव्वाली सुरू होत असे. खरी जोडी पुढच्या वर्षी मिळाली, तेव्हा कुठे या संचाची रचना लक्षात आली.

ती रचना हाच या ध्वनिमुद्रणाचा सर्वांत मोठा गुण आहे. आरंभी गझल नाही. गुलजार स्वतःच्या आवाजात दिल्लीतल्या बल्लीमारान मोहल्ल्याच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांचे वर्णन करणारी आपली कविता वाचतात, आणि त्या गल्लीतून आपण गालिबच्या दारापर्यंत येतो. ज्याने छत्रपती संभाजीनगरातला जुना बाजार किंवा बुढ्ढी लेन पायी तुडवली आहे, त्याला हे वर्णन परके वाटत नाही. चित्र नसताना ऐकणाऱ्याला कुठे उभे करायचे, हा प्रश्न बहुतेक मालिकांच्या ध्वनिमुद्रणांनी सोडवलेलाच नसतो. इथे तो पहिल्या काही मिनिटांतच सुटतो.

गझलांची निवड आणि चाली संगीतकार-गायक जगजित सिंग यांच्या पद्धतीच्या आहेत, म्हणजे शब्द आधी आणि अलंकार नंतर. गालिबच्या मोठ्या गझलांतले मोजकेच शेर घेऊन प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येईल एवढी मोकळी जागा त्यांनी ठेवली आहे. सारंगी आवाजाच्या मागून येते, आवाजावर चढत नाही. ‘आह को चाहिए’ या गझलेत लय इतकी संथ आहे की पहिल्यांदा ऐकताना ती रेंगाळल्यासारखी वाटते. पण वाट पाहण्याविषयीच्या शेराला दुसरी कोणती लय शोभली असती, हे मला अजून सुचलेले नाही. मालिकेत एक विसंगती होती. नसीरुद्दीन शाह यांचा गालिब डोळ्यांदेखत म्हातारा होत जाई आणि गाणारा आवाज मात्र त्याच वयाचा राही. कॅसेटवर चेहराच नसल्यामुळे ती विसंगती उरत नाही.

आमच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सातवीपर्यंतचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपल्यानंतर भाषा बदलली, शाळा बदलली, पुढे आडत दुकानाच्या वह्या ते मराठीत लिहू लागले. लिपी मात्र हातातून गेली नाही. कॅसेट लावली की ते सरकीच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर उजवीकडून डावीकडे शेर उतरवून घेत आणि मग आम्हाला शब्द फोडून सांगत. ‘बाजीचा-ए-अतफाल’ यातली बाजी तर आपल्याकडे आहेच. तिफ्ल म्हणजे मूल, त्याचे अनेकवचन अतफाल, म्हणून हे जग म्हणजे पोरांचा खेळ. ‘संग-ओ-खिश्त’ मधला संग संगमरवरातला, खिश्त म्हणजे वीट. वली आणि सिराज हे दोघे जुने उर्दू कवी ज्या शहराचे नाव लावून ओळखले जातात त्या औरंगाबादपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरापासून, आम्ही काही फार दूर राहत नव्हतो, तरी उर्दू ही आमच्या आळीत कोर्टाच्या जुन्या कागदांची भाषा उरली होती. या दोन कॅसेटींनी ती आमच्या ओसरीवर बोलती केली. मराठवाड्यातल्या ज्या घरांत असे एखादे अण्णा किंवा नाना होते, त्या घरांत हे ध्वनिमुद्रण इतर महाराष्ट्रापेक्षा निराळ्या कानांनी ऐकले गेले असावे, असा माझा समज आहे.

उणिवाही आहेत. गायकाच्या आवाजावर चढवलेली घुमारी मला जरा जास्त वाटते. मशिदीच्या घुमटाखाली ती शोभली असती, पण भाड्याच्या खोलीत कर्ज मोजत बसलेल्या कवीला इतका प्रतिध्वनी कशाला? दोन शेरांमधले वाद्यांचे तुकडे काही ठिकाणी एकसारखे वाटतात, आणि सलग दोन्ही कॅसेटी ऐकल्या तर ते जाणवते. जगजित यांच्या पत्नी आणि सहगायिका चित्रा सिंग यांच्या वाट्याला आणखी काही यायला हवे होते. १९९० नंतर त्यांनी गाणेच थांबवल्यामुळे ही खंत अधिक बोचते.

इतर मालिकांची या निकषावर काय गत होते, तेही थोडक्यात सांगायला हवे. ‘महाभारत’चे शीर्षकगीत, राजकमल यांचे संगीत आणि महेंद्र कपूर यांचा आवाज, आजही अंगावर काटा आणते, पण त्यापुढची पार्श्वभूमी ऐकताना रथ आणि बाण डोळ्यांसमोर आणावे लागतात. ‘मालगुडी डेज’साठी एल. वैद्यनाथन यांनी बांधलेली गुणगुण तर दोन ओळीतच आपले काम संपवते आणि तिच्याकडून त्याहून अधिक कोणी मागू नये. वनराज भाटिया यांची गोष्ट निराळी आहे. लंडन आणि पॅरिस इथे पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या या संगीतकाराने ‘भारत एक खोज’साठी ऋग्वेदातले नासदीय सूक्त समूहस्वरात बांधले आणि त्याला वसंत देव यांचा हिंदी अनुवाद जोडला. सृष्टीपूर्वीच्या शून्याविषयीचे ते शब्द चित्राची मदत मागतच नाहीत. डोळे मिटल्यावर ते अधिकच मोठे होतात. त्यांच्याच ‘तमस’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली आरंभीची ‘रब्बा’ ही हाक मी रात्री ऐकत नाही. ही दोन्ही कामे गालिबच्या शेजारी सहज बसली असती, पण ती अशा नेटक्या संचात माझ्या हाती कधी लागली नाहीत.

मराठीत अशोक पत्की यांनी ‘आभाळमाया’साठी केलेले शीर्षकगीत देवकी पंडित यांच्या आवाजात रोज ऐकून आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ झाले होते. तक्रार एवढीच की अशा गीतांना मालिकेच्या मापाने कापले जाते. ऐकणारा बसायला पाट घेतो तोवर पंगत उठलेली असते.

आता डिजिटल करून देणाऱ्या कारागिराविषयी. पैठण गेटजवळच्या एका गल्लीत जिन्याखाली त्याची टपरीवजा खोली आहे. त्याने आधी कापसाला स्पिरिट लावून टेपचे हेड पुसले, मग बारीक पेचकसाने हेडचा तिरपेपणा साधणारा स्क्रू केसभर फिरवत राहिला, आणि गाण्यातला ‘स’ व ‘श’ वेगळे ऐकू येईपर्यंत थांबला नाही. हे कौशल्य आता दुर्मीळ आहे. एका कॅसेटचे २०० रुपये आणि चार दिवस, हा दर मला रास्त वाटला. पण पहिल्या खेपेला त्याने टेपची खरखर काढण्याच्या भरात सारंगीचा श्वासही काढून टाकला होता. गज तारेवरून फिरताना जी किंचित घासटी ऐकू येते, ती खरखरीसोबतच गेली. दुसऱ्या खेपेला ‘खरखर राहू द्या’ असे स्पष्ट सांगितले, तेव्हा त्याने कुरकुर न करता आणि जादा पैसे न घेता काम पुन्हा करून दिले. तुम्ही जाल तेव्हा हे आधीच सांगावे.

नव्याने ऐकणाऱ्यांनी मोबाईलवर गझला उलटसुलट क्रमाने लावू नयेत, कारण गुलजार यांचे वाचन बाजूला पडले की हा संच केवळ चांगल्या गझलांचा गठ्ठा होऊन बसतो. इअरफोनपेक्षा खोलीतल्या साध्या स्पीकरवर तो अधिक खुलतो. एकच गझल ऐकायची असेल तर ‘दिल-ए-नादाँ’ ऐकावी, असे मी म्हणेन. तीत जगजित आणि चित्रा असे दोन्ही आवाज आहेत आणि प्रश्न विचारणारे ते शेर दोघांनी वाटून घेतल्यामुळे गझलेत संवाद शिरतो.

नव्वदी ओलांडलेल्या अण्णांना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते या गझलेवर १९५४ च्या ‘मिर्झा गालिब’ याच नावाच्या चित्रपटात तलत महमूद आणि सुरैय्या यांनी कायमची मोहोर उठवली आहे, आणि त्यानंतर तिला हात लावायचे काही कारण नव्हते. त्यांच्या आग्रहाखातर ते जुने गाणेही कारागिराकडून आमच्या फाईलच्या अखेरीस जोडून घेतले आहे. अण्णा सुरुवात तिथूनच करतात.