तराफ्यावरच्या क्रेनला काय लावायचं: वायर रोप, चेन की बेल्ट?

समुद्रावरच्या अवाढव्य फ्लोटिंग क्रेन आपण नाशिककरांनी फोटोतच पाहिल्या. इथं ‘पाण्यावरची क्रेन’ म्हणजे बंद लोखंडी टाक्या जोडून केलेला तराफा, त्यावर आवळून बसवलेली छोटी क्रेन आणि चार कोपऱ्यांना चार नांगर. धरणाच्या फुगवट्यात बुडालेला पंप काढायचा, सक्शनचा पाइप बदलायचा, असली कामं. २०२७ च्या सिंहस्थाची कामं डोळ्यांपुढे ठेवून अंबडच्या माझ्या एका ठेकेदार मित्राने असा तराफा भाड्याने घेतला आणि मला फोन केला. “स्लिंग कुठले घेऊ? दुकानदार म्हणतो तिन्ही तीन टनाचेच आहेत.”

स्लिंग म्हणजे भाराला गुंडाळून क्रेनच्या हूकला अडकवायचा तारेचा दोर (वायर रोप), साखळी (चेन) किंवा कापडी पट्टा (बेल्ट). दुकानदार खोटं बोलत नाही. पण त्या तीन टनांमागे राखीव ताकद सारखी नसते. चेनमध्ये साधारण चौपट धरतात, वायर रोपमध्ये पाचपट, बेल्टमध्ये सातपट. म्हणून बेल्ट सगळ्यांत भक्कम, असं कुणी समजू नये. तो लवकर खराब होतो, म्हणून त्याला राखीव जास्त. मी निवड करताना टन बघतच नाही, ते जमवता येतात. मी बघतो की बिघाड झाला तर तो आपल्या माणसांना वेळेत दिसेल का.

आधी पाण्याचा हिशेब, कारण जमिनीवरची सवय इथं दगा देते. तराफा पाच अंशांनी कलला आणि जिबचं, म्हणजे क्रेनच्या हाताचं, टोक पंधरा मीटर उंच असेल, तर ते टोक सव्वा मीटरहून जास्त बाहेर जातं. म्हणजे रेडियस (क्रेनपासून भाराचं अंतर) वाढला, क्रेनची ताकद घटली, आणि जमिनीवरचा लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन, याचा तक्ता) तिथंच बाद झाला. त्यात वजनही बदलत राहतं. लोखंड पाण्यात बुडालेलं असताना आठव्या हिश्श्याने हलकं लागतं, बाहेर येताना ते वजन परत चढतं. सहा मीटरचा तीनशे मिमीचा पाइप पाण्याने भरलेला राहिला, तर सव्वाचारशे किलो फुकटचे. आणि पंप गाळात रुतलेला असेल तर गाळ आधी धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. तो झटका स्लिंगवर येतो.

झटक्याच्या बाबतीत वायर रोप मला आवडतो. तो थोडा ताणला जातो, आणि तुटतो तेव्हा सहसा एकेक तार तुटत जाते. सहा पेडांच्या, पेडाला एकोणीस तारांच्या रोपात ११४ तारा असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३२ च्या गोदी कामगारांबाबतच्या करारात एक मोजमाप आहे: रोपाच्या जाडीच्या आठपट लांबीत दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या की रोप बाद. बारा मिमीच्या रोपात ही लांबी शंभर मिमीही भरत नाही, साधारण वीतभराच्या निम्मी, आणि तेवढ्यात बारा तारा तुटलेल्या दिसल्या की संपलं. बघायची रीतही सोपी. सुती चिंधी रोपावरून हळू ओढायची. ती अडकली तिथं तार उठलेली आहे. उघड्या हाताने ओढू नका, तार बोटात घुसते.

रोपाचा खोडसाळपणा आत असतो. पाण्यात बुडतो, उन्हात वाळतो, वरून ग्रीस चकाकतं आणि गाभा गंजत राहतो. मध्येच कुठं रोप बारीक झालेला वाटला तर तिथं व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावावा. घोस पडलेला, म्हणजे पीळ पडून मुरगळलेला, रोप ठोकून सरळ करणारे खलाशी मी पाहिलेत. दिसायला सरळ होतो, पण त्या ठिकाणी तो कायमचा अधू असतो. क्लॅम्प लावून फासा केला असेल तर यू-बोल्ट मोकळ्या शेपटाकडे आणि खोगीर (क्लॅम्पचा खाचेचा भाग) भार घेणाऱ्या बाजूला, हे स्वतः वाकून बघा. उलटे लावलेले क्लॅम्प सर्रास सापडतात.

चेन तपासायला सगळ्यांत सोपी आणि विश्वास ठेवायला सगळ्यांत अवघड. कडी आणि कडी जिथं घासते तिथली जाडी दहा टक्के उतरली किंवा चेन पाच टक्के लांबली की बाद. हे व्हर्नियरने मोजता येतं, यात मतभेदाला जागा नाही. दहा मिमीची ग्रेड ८० (जास्त ताकदीच्या पोलादाची) चेन एका पायावर ३.१५ टन घेते आणि कडेकोपऱ्यांना घाबरत नाही. पण चेन रोपासारखी कुरकुरत नाही. एक कडी गेली की भार खाली. आणि नाशिकमध्ये एक खास धोका: सातपूर-अंबडच्या प्लेटिंगवाल्याकडून (धातूला मुलामा देणाऱ्याकडून) ‘दोन दिवस दे’ म्हणून आणलेली चेन. ॲसिडच्या टाकीवर वावरलेल्या ग्रेड ८० चेनच्या पोलादात हायड्रोजन शिरतो, ती ठिसूळ होते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. चेन उसनी घेऊ नये. लग्नाला शालू घ्या हवा तर.

बेल्टची गोष्ट घरचीच सांगतो. फुगवट्यावर आमचं एक काम चाललं होतं. हिरवा, म्हणजे दोन टनाचा बेल्ट रोज संध्याकाळी धुऊन टांगलेला असायचा, नव्यासारखा दिसायचा. मी तपासून सही केली होती. एका सकाळी आमच्या जुन्या खलाशीमामांनी तो गुडघ्यावर उलटा वाकवला आणि शिवणीच्या फटीतून रेती सांडली. “साहेब, हा आतून चावलाय.” धुतल्याने वरचा गाळ जातो, विणीत शिरलेली रेती आतच राहते आणि दर उचलीला धागे कापते. मामांनी तिथल्या तिथे विळ्याने त्याचे दोन तुकडे केले, म्हणजे तो परत कुणी उचलायला नको.

तरीही पंप-मोटरचा सेट उचलायला बेल्टच हवा. शाफ्टला ओरखडा नको असेल तर चेन तिथं नेऊच नये. फक्त फ्लॅन्जच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) धारेवर जाड रबर किंवा कोपरा-पट्टी घाला. घाटाच्या काँक्रीटच्या कामावर मात्र बेल्ट सिमेंटच्या पाण्यापासून लांब ठेवा. पॉलिस्टरला ॲसिडपेक्षा अल्कली जास्त बाधते, आणि ओलं सिमेंट अल्कलीच असतं. ऊनही त्याला खातं. रंग उडालेला, टॅग गेलेला बेल्ट घ्यायचाच नाही. टॅगशिवाय तो किती टनाचा हे कोण सांगणार?

तपासणीच्या कागदाचं थोडक्यात. उचलण्याचं साहित्य वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासून घ्यायचं, हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ पासून आपल्या अंगवळणी पडलंय. तो दाखला लॅमिनेट करून तराफ्यावर टांगणारे खूप. पण जुलैत दाखला झाला आणि ऑगस्टमध्ये गोदावरीतल्या, पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, तर त्या पुरात पडून राहिलेल्या रोपाबद्दल तो दाखला काय बोलणार? मघाच्याच १९३२ च्या करारात रोप दर तीन महिन्यांनी बघायला सांगितलाय, आणि त्यातली एक तार जरी तुटली तरी तिथून पुढे दर महिन्याला. मी तर पाण्यावरच्या साहित्याला रोज सकाळची फेरी लावतो. रोप, हूकची जीभ, शॅकलची (जोडकडीची) पिन, आणि तराफ्याच्या टाक्यांत पाणी शिरलंय का तेही.

मित्राला मी असं सांगितलं. वर्षात दोन-चारदाच पंप काढणार असशील तर दर हंगामाला नवा बेल्ट घे, जुना काप. गोदामात पडलेल्या रोपावर भरवसा ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सलग चार-सहा महिने पाइप आणि गर्डर हलवायचे असतील तर जस्ताचा मुलामा दिलेला, स्टील गाभ्याचा वायर रोप, आणि चिंधी फिरवणारा एक ठरलेला माणूस. काठावर, जमिनीवरच्या क्रेनला चेन चालेल, पण व्हर्नियर वापरणारा कुणी असेल तरच. आणि काहीही घेतलंस तरी दोन पाय फार पसरू नकोस. दोन टनांचा भार आडव्या रेषेशी साठ अंशांत उचलला तर प्रत्येक पायावर सव्वा टनाच्या आत ताण येतो, तीस अंशांत प्रत्येकावर पुरे दोन टन.

त्याने वायर रोप घेतला, दोन बेल्टही घेतले. “चेन आहेच आपल्याकडे,” म्हणाला. कुठून आली विचारलं, तर हसला.

“शेजारच्या प्लेटिंगवाल्याची.”