हिवाळ्यातील बाससाठी अधांतरी राहणारे जर्कबेट : चार महिन्यांच्या वापरानंतर

तलावाच्या पाण्याचे तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले तेव्हापासून ते पुन्हा चढू लागेपर्यंत, असे जवळपास चार महिने मी लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशासाठी प्रामुख्याने एकच आमिष वापरले. हे आमिष म्हणजे ११ सेंटिमीटर लांबीचे, १४ ग्रॅम वजनाचे आणि दोर ओढणे थांबवले की आहे त्या खोलीवर अधांतरी राहणारे जर्कबेट, म्हणजे हिसके देत ओढायचा माशाच्या आकाराचा कृत्रिम गळ-मासा. पहिल्या पंधरवड्यात त्याने माझी घोर निराशा केली होती. आता मात्र ते बरोबर नसेल तर थंडीत मी बोट पाण्यात लोटणार नाही.

बासच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर उतरते, त्याचे पचन मंदावते आणि भक्ष्यामागे लांबवर धावण्याची त्याची तयारी राहत नाही. मात्र एखादा अर्धमेला लहान मासा दोन गचके खाऊन समोर थबकला, तर तो सावकाश जवळ येतो, निरखतो आणि बऱ्याचदा तोंडात घेतो. जर्कबेटला दोन हिसके देऊन थांबवले की हुबेहूब तसेच दृश्य उभे राहते. म्हणून या आमिषाचा खरा कस हिसक्यांत नसून थांबण्यात लागतो. पाणी ९ अंशांवर असताना मला पाच-सहा सेकंदांचा थांबा पुरत असे. ५ अंशांवर मनातल्या मनात वीसपर्यंत मोजावे लागले, आणि बरेचसे मासे पंधरा आकडा उलटून गेल्यावरच लागले.

निराशेचे कारण नेमके इथेच होते. वेष्टनावर अधांतरी राहण्याची ग्वाही असली, तरी ६ अंशांच्या पाण्यात माझे आमिष थांबताक्षणी हळूहळू वर येऊ लागे. पाण्याची घनता ४ अंशांजवळ सर्वाधिक असते, त्यामुळे ते आमिषाला अधिक वर उचलते. २० अंशांच्या पाण्याच्या तुलनेत हा फरक ०.२ टक्क्यांहूनही कमी भरतो, म्हणजे १४ ग्रॅमच्या आमिषामागे जेमतेम २५ मिलिग्रॅम. एवढीशी तफावतही वीस सेकंदांच्या थांब्यात लपत नाही. शिशाची चिकटणारी पातळ पट्टी नखाएवढी कापून मी ती पोटाखाली, पुढच्या गळाच्या किंचित अलीकडे चिकटवली; आमिष नाक जरासे खाली करून स्थिर राहीपर्यंत कात्रीने तिच्या कडा कमी करत गेलो. ही जुळवणी दोर बांधूनच करावी, कारण फ्लुरोकार्बनचा दोर पाण्यात बुडतो आणि नाक खाली खेचतो, तर विणलेला पॉलिएथिलीनचा दोर तरंगतो. दर वेळी पाण्याचे तापमान पाहून हीच कसरत पुन्हा करावी लागते, याचा उल्लेख वेष्टनावर असायला हवा होता.

थंडीतला बास आमिषाला झटका देईलच असे नाही. दोराला थोडी ढील दिलेली असते, तो पाण्यावर सैलसर पडलेला असतो. अचानक ती ढील बोटभर आत सरकते किंवा पुढच्या हिसक्याच्या वेळी ओला पालापाचोळा अडकल्यासारखे जडपण हाताला जाणवते. मी पाहिलेल्या दहापैकी आठ वेळा तरी मासा असाच लागला. त्यामुळे हाताइतकीच नजरही दोरावर हवी. हवा शून्याखाली गेली की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. टोक पाण्यात बुडवून तो विरघळवावा, ठोकून काढू नये, कडी तडकते.

टिकाऊपणाबद्दल फारशी तक्रार नाही. रंग पोटाजवळ उडाला आहे, पण त्याने मासे कमी झाले नाहीत. मूळचे तीन टोकांचे गळ मात्र दुसऱ्या महिन्यातच बोथट झाले. नवे बसवताना वजन तेवढेच राहील याची काळजी घ्यावी, नाहीतर वरची सगळी जुळवणी वाया जाते.

हे आमिष दीड-दोन मीटरपर्यंतच उतरते. पाणी स्वच्छ असेल आणि बास उभ्या कड्यालगत तीन-चार मीटरवर लटकून असतील, तर ते खालून वर येऊन घेतात. गढूळ पाण्यात त्याचा उपयोग नाही. दहा मीटरवर बसलेल्या माशांसाठी मी धातूचा जिगिंग स्पून (तळाशी सोडून वर-खाली हलवायचे जड आमिष) वापरून पाहिला, पण तेवढ्या खोलीवरून वर आणलेल्या बासच्या वाताशयातील (पाण्यात तोल राखणाऱ्या हवेच्या पिशवीतील) हवा दाब निम्मा झाल्याने दुपटीने फुगते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. तसा एक मासा बोटीशेजारी कुशीवर तरंगताना पाहिल्यापासून मी खोल पाण्यातली मासेमारी बंद केली. जर्कबेटवर लागलेले बास ओल्या हाताने गळ काढून पाण्यात ठेवले की शेपटीच्या एका फटक्यात निघून जातात.