अपाची टॉमकॅट ९ : भरवशाचा सर्व्हर, पण ८००९ पोर्ट आधी तपासा

जावातील वेब ॲप्लिकेशन्स चालवण्यासाठी मी अनेक वर्षे अपाची टॉमकॅट वापरत आलो आहे. तो मोफत आहे, हलका आहे आणि एकदा नीट बसवला की महिनोन्महिने विनातक्रार चालतो. तरीही या परीक्षणातील बरीचशी जागा मी ‘घोस्टकॅट’ या एकाच त्रुटीला देत आहे, कारण जुन्या आवृत्त्या अजूनही वापरात दिसतात.

सीव्हीई या सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२०-१९३८ या क्रमांकाने नोंदलेली ही त्रुटी चायटिन टेक या चिनी कंपनीच्या संशोधकांनी शोधली आणि ती फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाली. पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरशी बोलण्यासाठी टॉमकॅटकडे एचटीटीपीखेरीज एजेपी हा प्रोटोकॉल आहे. या वाटेने येणारी विनंती आपल्याच माणसाकडून आली आहे असे टॉमकॅट गृहीत धरत असे आणि तिच्यासोबतची अंतर्गत माहिती जशीच्या तशी स्वीकारत असे. तिच्यात हव्या त्या फाइलचा मार्ग घातला की एरवी बाहेरून कधीही न दिसणाऱ्या वेब-इन्फ फोल्डरमधील फाइल वाचता येई. वाचन ॲप्लिकेशनच्या फोल्डरपुरते मर्यादित होते हे खरे, पण डेटाबेसचा पासवर्ड पुष्कळदा तिथेच असतो. वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइली त्याच फोल्डरमध्ये साठत असतील, तर त्यातला कोड जेएसपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारे जावा पान, म्हणून चालवणेही शक्य होते.

माझा मुख्य आक्षेप मूळ मांडणीवर आहे. सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या मांडणीच्या फाइलमध्ये एजेपीची ओळ आधीपासूनच चालू असे आणि तिच्यात पत्ता दिलेला नसल्यामुळे एजेपीचे ८००९ पोर्ट, म्हणजे जोडणी स्वीकारण्याचे दार, यंत्राच्या सर्व पत्त्यांवर उघडे राही. एका संस्थेचा सर्व्हर तपासताना मला ते तसेच उघडे सापडले. तिथे एजेपी कोणीच वापरत नव्हते आणि ते चालू आहे हे कोणाला ठाऊकही नव्हते.

९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांनी हे मुळापासून सुधारले. आता एजेपी मुळात बंद असते, चालू केल्यास फक्त स्थानिक पत्त्यावर, म्हणजे त्याच यंत्रावरून येणाऱ्या जोडण्यांसाठी, ऐकते आणि सिक्रेट, म्हणजे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला सांकेतिक शब्द, मागते. जुनी सर्व्हर डॉट एक्सएमएल तशीच ठेवून नवी आवृत्ती बसवली, तर सिक्रेट नसल्यामुळे एजेपी सुरूच होत नाही. यामुळे अनेकांची गैरसोय झाली असणार, पण माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, कारण बंद पडलेली जोडणी लगेच लक्षात येते आणि उघडे राहिलेले दार येत नाही.

एजेपी लागत नसेल तर ती ओळ काढून टाकावी. लागत असेल आणि पुढे अपाची वेब सर्व्हर मॉड प्रॉक्सी एजेपी या त्याच्या एजेपी जोडणीच्या मॉड्यूलसह असेल, तर त्या वेब सर्व्हरची आवृत्ती आधी पाहावी, कारण त्यात सिक्रेट देण्याची सोय २.४.४२ पासूनच आहे.