सेक्रेटरीची झोप आणि लाकडी वीट

सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून माझी झोप उडाली होती. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, तिसऱ्या मजल्यावरची गळती, आणि वर तो व्हॉट्सॲप ग्रुप. बायको म्हणाली, "तुम्ही राजीनामा तरी द्या, नाहीतर योगाला तरी जा." राजीनामा कुणी घेईना. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीतला अय्यंगार पद्धतीचा क्लास लावला. सकाळी साडेसहाची बॅच. सहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

मंद संगीत, उदबत्ती, "मन रिकामं करा" वगैरे असेल असं वाटलं होतं. तसलं काही नाही. पतंजलींची प्रार्थना झाली की थेट उभी आसनं. भिंतीला दोर, कोपऱ्यात लोखंडी खुर्च्या, पट्टे, लोड. त्रिकोणासनात माझा हात घोट्याच्या आसपासही जाईना. शिकवणाऱ्या ताईंनी पावलाशेजारी लाकडी वीट उभी केली, माझा हात तिच्यावर टेकवला आणि म्हणाल्या, "काका, हात विसरा. मागच्या पायाची करंगळीकडची कड दाबा. गुडघ्याची वाटी वर ओढा." कड दाबली की वाटी सुटे, वाटी ओढली की कड उचले. या दोघींना सांभाळता सांभाळता टँकरवाला कुठल्या कुठे गेला. घरी आल्यावर आठवला, पण तोवर चहा झाला होता.

ही वीट-पट्ट्यांची पद्धत ज्यांची, ते बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली, वयाच्या १८व्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. त्यामुळे या शहरात वीट-पट्ट्याचं कुणाला नवल नाही. मला मात्र होतं.

प्राणायामासाठी मी घाईला आलो होतो, कारण टीव्हीवर तेच दिसतं. ताईंनी पाच महिने नाकाला हात लावू दिला नाही. पतंजलींनी आधी आसन सांगितलंय, मग प्राणायाम, हे त्यांचं उत्तर. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला मुळात तीनच सूत्रं आहेत, हे मी वाचून गेलो होतो आणि बोलूनही दाखवलं. "मग तेवढी तरी नीट करू," म्हणाल्या. गेल्या महिन्यात पाठीखाली ब्लँकेटची घडी घेऊन, आडवं पडून उज्जायी, म्हणजे घशातून हलका आवाज करत संथ श्वास घ्यायचा प्राणायाम, सुरू झालं.

आता तक्रार. शवासन दहा मिनिटांचं ठरलेलं, मिळतं सहाच. पुढची बॅच दाराबाहेर चपला आपटत उभी असते आणि ताईंना कुणाला ताटकळत ठेवणं जमत नाही. तीन महिन्यांचे ३,६०० रुपये घेता, तर शेवटची चार मिनिटंही द्या. लोडांच्या खोळी कधी धुतात देव जाणे, मी घरून पंचा नेतो. आणि गाडी लावायचा विचारही करू नका, पेठ आहे ती.

खाली पिठाची गिरणी आहे. शवासनात डोळ्यांवर क्रेप बँडेज असतं आणि खालून घरघर. पहिले दोन महिने मी पडल्या पडल्या गिरणीवाल्याला नोटीस लिहीत असे, मनातल्या मनात, जावक क्रमांकासकट. परवा घरघर थांबली आणि मी दचकलो. म्हणजे ती इतका वेळ चालू होती.

पुढच्या तिमाहीचे पैसे भरलेत. ग्रुपवर मात्र अजून काही म्यूट केलेलं नाही.