शाळेसाठी घर बदललं: दोन एजंट, एक भाडेकरार आणि १ किलोमीटरचा हिशोब

पिंपरी-चिंचवडच्या थेरगावात भाड्याने घर शोधताना दोन एजंटांशी काम पडलं, त्यांचा हा रिव्ह्यू. पहिल्याला एक स्टार, तोही घर दाखवायला सांगितलेल्या वेळेला आला म्हणून. दुसऱ्या ताईंना पाचच्या पाच. नावं टाकत नाहीये, पहिल्याने जे केलं ते बरेच जण करतात, एकट्याचं नाव घेऊन काही होणार नाही, आणि ताईंनी स्वतःच सांगितलं की नाव टाकू नका, जानेवारीत आधीच त्यांच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात रांग असते. पण ज्यांना आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा, खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागा, फी नाही) ॲडमिशनसाठी घर बदलायचंय त्यांनी पूर्ण वाचा, कारण आम्हाला यातलं निम्मं कोणी सांगितलं नव्हतं, पैसे घालवून कळलं.

आधी आम्ही भोसरीत राहायचो, वन आरके, भाडं ९,०००, ह्यांची कंपनी एमआयडीसीत म्हणजे सायकलवर दहा मिनिटं. घराला काही वाईट नव्हतं. पण मुलीचा जन्म ऑगस्ट २०१९ चा, ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात, त्या हिशोबाने २०२५-२६ ला पहिली, आणि आम्ही वंचित गटात (एससी, एसटी, ओबीसी वगैरे) बसतो म्हणून आरटीईच्या २५ टक्क्यांतून फॉर्म भरायचं ठरवलं होतं. (वंचित गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा दाखला लागतो. एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला दुर्बल घटकातून भरणाऱ्यांना. हे दोन्ही लोक एकत्र करतात आणि तहसीलला हेलपाटे मारतात.) तर दिवाळीच्या सुट्टीत मी बसून पोर्टलवरची शाळांची यादी काढली, आमच्या घरापासून १ किलोमीटरच्या आत दोनच शाळा आणि दोघींच्या मिळून आरटीईच्या जागा १४. चौदा! आणि आमच्या चाळीतूनच पाच पोरं पहिलीला जाणार होती.

२५ टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण ते प्रवेशाच्या पहिल्या वर्गाच्या पटावर असतं, शाळा पहिलीत ८० मुलं घेत असेल तर २० जागा, एकच तुकडी असेल तर दहा. आणि आम्ही फॉर्म भरला त्या वर्षी आधी १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा नंबर लागायचा, जागा उरल्या तर १ ते ३ किलोमीटरवाल्यांचा. त्यामुळे घर कुठे आहे यावर अर्धा खेळ ठरतो, उरलेला सोडतीवर. राज्यात त्या वर्षी एक लाखाच्या वर जागा होत्या आणि अर्ज तीन लाखांच्या वर, पण त्या आकड्याने काही कळत नाही, आपल्या गल्लीच्या आसपास किती जागा आहेत ते बघावं लागतं. थेरगावात माझी आतेबहीण राहते, तिच्या बाजूला १ किलोमीटरमध्ये सहा शाळा दिसत होत्या, जागा नव्वदच्या वर. म्हणून थेरगाव.

आता पहिला एजंट. फोनवर मी सरळ सांगितलं की दादा आम्हाला शाळेसाठी घर हवंय, आरटीईचा फॉर्म भरायचाय, ह्या चार शाळांपैकी जवळ बघा. तो म्हणाला मॅडम टेन्शनच घेऊ नका, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. बिल्डिंग चांगली होती, तिसरा मजला, वन बीएचके, १२,५००. मग आम्हाला गच्चीवर घेऊन गेला आणि हात लांब करून दाखवलं, ती बघा पिवळी बिल्डिंग, तीच शाळा. खरंच दिसत होती, मुलगी तर कठड्याला लटकून बघायला लागली की मैदानात घसरगुंडी आहे का. मध्ये झाडं होती फक्त. त्या झाडांच्या खाली पवना नदी आहे हे तो बोलला नाही आणि आम्ही नवीन, आमच्याही डोक्यात आलं नाही. शाळा पलीकडे चिंचवडगावात. टोकन ५,००० देऊन मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आतेबहिणीकडे मुक्काम होता म्हणून सहज म्हटलं शाळेपर्यंत चालत जाऊन बघू. मुलीला घेऊन निघाले, पुलावरून वळसा घालून शाळेच्या गेटपर्यंत ३५ मिनिटं. परत येताना ती पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून बसली, म्हणाली आई मी रोज एवढं नाही चालणार. दप्तर नव्हतं तरी ही गत. आणि पुलावर डंपर, बस, सगळंच.

आता यातली गंमत नाही, खरी अडचण सांगते. नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर ते घर ते शाळा ७०० मीटर. (गुगल मॅपवर घरावर बोट दाबून धरलं की पिन येते, तिथे अंतर मोजायचा पर्याय आहे, सरळ रेषेत मोजतो.) रस्त्याने दोन किलोमीटरच्या वर. म्हणजे कागदावर १ किलोमीटरचं घर आणि पायाला दोनचं. एजंट खोटं बोलला असं धरून चालत नाही मी, पण ज्या बाईने शाळेसाठीच घर मागितलंय तिला नदी सांगायला नको? हेच आईवडील आठ वर्षं पोराला ने-आण करणार आहेत, कारण आरटीईचं शिक्षण आठवीपर्यंत आहे.

तरी ते घर मी घेतलं असतं, त्याच अंतरात अलीकडच्या बाजूलाही दोन शाळा होत्या. पण खरं नडलं ते भाडेकरारावर. आरटीईला रजिस्टर्ड भाडेकरारच लागतो, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, ११ महिने किंवा जास्त मुदतीचा, आणि तारीख फॉर्म भरायच्या आधीची. नोटरीचा चालत नाही. गॅसबुक आता चालत नाही, पासबुक द्यायचं तर राष्ट्रीयकृत बँकेचं लागतं. हे सगळं सूचनांमध्ये स्वच्छ मराठीत लिहिलेलं आहे. मी एजंटला सूचनांचं पान पाठवलं तर तो म्हणे नोटरी चालते, मागच्या वर्षी माझ्या तीन पार्ट्यांचं झालं, पाचशेच्या स्टँपवर करून देतो, लगेच. मग म्हणे रजिस्टर पाहिजे तर मालक तयार नाही. मग म्हणे फॉर्म सुरू झाल्यावर बघू. अहो फॉर्म सुरू झाल्यावर केलेल्या कराराचा उपयोग काय! पंधरा दिवस असे गेले, नोव्हेंबर संपला. मालकाला मी स्वतः फोन केला तर ते म्हणाले मला तर एजंटने रजिस्टरचं काही विचारलंच नाही, पण मी करणार नाही. टोकन परत मागितलं, मिळालं नाही, घर तुम्हीच सोडलं म्हणे. ५,००० म्हणजे आमच्या निम्म्या भाड्याहून जास्त, आणि ह्यांनी त्यासाठी दोन रविवार ओव्हरटाइम केला होता. एवढं मनाला लागलं की त्या आठवड्यात मी शाळेचा विषयच काढला नाही घरात.

दुसऱ्या ताई आतेबहिणीने सुचवल्या. त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, एजंटगिरी त्याच्या जोडीला. मी दुकानात गेले तर त्यांनी घराचं काही विचारलंच नाही आधी, पहिला प्रश्न, मुलीची जन्मतारीख काय, दुसरा, जातीचा दाखला हातात आहे का, तिसरा, सकाळी शाळेत सोडायला कोण जाणार, तुम्ही की मिस्टर. मी म्हटलं मी. मग म्हणाल्या मग डांगे चौकाच्या अलीकडेच बघू, सकाळी तो चौक लहान मुलीला घेऊन ओलांडायचा नाही. मला तिथेच रडू आलं, खरं सांगते, कारण महिनाभर भाडं, डिपॉझिट, पार्किंग सगळ्यांवर बोलून झालं होतं, पण मुलगी चालत कशी जाणार हे कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी तीनच घरं दाखवली. प्रत्येक घरातून मोबाईलवर चार शाळांचं अंतर मोजून दाखवलं, सरळ आणि रस्त्याने दोन्ही, आणि वहीत प्रत्येक शाळेच्या आदल्या वर्षीच्या जागा लिहिलेल्या होत्या. एका शाळेपुढे लाल पेनने फुली. विचारलं तर म्हणाल्या तिथे जागा आहेत पण मागच्या वर्षीचे पालक वह्या-पुस्तकांच्या पैशावरून भांडतायत, तुम्ही जाऊन विचारा मगच टाका. तिसरं घर घेतलं, तळमजला, उजेड थोडा कमी, १३,५००. मालक आजोबा रजिस्टरला तयार आहेत हे ताईंनी घर दाखवायच्या आधीच विचारून ठेवलं होतं.

करार घरीच झाला, त्या लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आल्या. माझा आणि ह्यांचा अंगठा लगेच लागला, आजोबांचा लागेना. आयुष्य लेथवर गेलेलं, अंगठा पार गुळगुळीत. ओल्या फडक्याने पुसला, परत नाही. मग आजोबांनी बोट डोक्यावरच्या तेलकट केसांत घासलं आणि दाबून धरलं, सहाव्या वेळी हिरवा लाइट आला आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. नोंदणी फी १,०००, हँडलिंगचे ३००, स्टँप ड्युटी चारशेच्या आत, बाकी ताईंची फी, सगळं मिळून २,५००. पावत्या दिल्या. तारीख १२ डिसेंबर, फॉर्म जानेवारीच्या मध्यात सुरू झाले.

फॉर्म भरताना पण त्या शेजारी बसल्या, जादा पैसे न घेता. फॉर्ममधल्या नकाशावर आपल्या घरावर खुणेचा बलून ठेवायचा असतो आणि जागा ठराविक वेळाच बदलता येते, पाच वेळा, म्हणून त्यांनी आधी गुगलवर आमच्या बिल्डिंगचं छप्पर ओळखून घ्यायला लावलं, मगच बलून हलवला. दहा शाळा टाकता येत होत्या, पण त्या म्हणाल्या ज्या शाळेत नेऊन सोडू शकता तेवढ्याच टाका, लांबच्या शाळेत नाव लागलं की घेता येत नाही आणि सोडवत नाही. आम्ही चार टाकल्या.

फेब्रुवारीच्या सोडतीत नाव लागलं नाही. वेटिंगला नववी. त्या रात्री ह्यांनी विचारलं, आता घर बदललं ते वाया गेलं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्चमध्ये वेटिंगमधून नंबर लागला, मेसेज आलाच नव्हता, ताईंनी सांगून ठेवलं होतं की मेसेजची वाट बघू नका, अर्जाची स्थिती रोज बघा, म्हणून कळलं. कागदपत्रांच्या पडताळणीत भाडेकरार उलटून पालटून बघितला, तारीख, मुदत, नोंदणी क्रमांक. आमच्या पुढच्या जोडप्याचा नोटरीचा होता, त्यांना परत पाठवलं. ती बाई कडेवरच्या बाळाला घेऊन जिन्यात बसून होती, तिच्याशी काय बोलावं मला सुचेना.

पैशाचा हिशोब पण मांडते कारण हे कोणी लिहीत नाही. भाडं ४,५०० ने वाढलं म्हणजे वर्षाला ५४,०००, शिवाय ह्यांचं पेट्रोल, आता रोज भोसरीला गाडीने जावं लागतं. मुलीच्या शाळेची फी वर्षाला ६२,००० आहे. म्हणजे निव्वळ पैशात बघितलं तर वाचलं काहीच नाही फारसं. आम्हाला एका खोलीतून बाहेर पडायचंच होतं म्हणून ते जमलं. ज्यांचं सध्याचं घर ठीक आहे आणि जवळ एखादी बरी अनुदानित किंवा महापालिकेची शाळा आहे त्यांनी फक्त सोडतीच्या आशेवर घर हलवू नका असं मी मनापासून सांगेन. नियम पण बदलतात. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने अधिसूचना काढून सरकारी-अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना आरटीईतून सूट दिली होती, त्या वर्षी माझी एक मैत्रीण नुकतीच घर बदलून बसलेली. मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली, १९ जुलैला ती अधिसूचना रद्द झाली, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता, तिने कर्ज काढून फी भरून टाकली होती.

धाकटा अडीच वर्षांचा आहे. आरटीईत भावंडाला वेगळं प्राधान्य नाही, त्याचा फॉर्म नव्याने, सोडत नव्याने. आजोबांनी करार पुढे वाढवायला हो म्हटलंय. ताईंना आत्ताच विचारून ठेवलंय. त्यांचं दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, कोणाला जायचं असेल तर संध्याकाळी जा, आणि जातीचा दाखला आणि पोराचा जन्मदाखला सोबत न्या, आधी तेच मागतात.